आई-वडिलांचे मृत्युपत्र, बक्षीसपत्र आणि मुखत्यारपत्र: काय, केव्हा आणि कसे करावे

वकिलाकडे जाण्याआधी एक वही घ्या आणि आई-वडिलांबरोबर एक दुपार बसा. बँक खाती, एफडी, पोस्टातली गुंतवणूक, विमा, पीपीएफ, डीमॅट, लॉकर, फ्लॅट, गावची जमीन, सोने, कुणाकडून येणे, कुणाचे देणे. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: कागदावर नाव नेमके कसे आहे, जोडीला दुसरे नाव कुणाचे, नॉमिनी कोण आणि मूळ कागद घरात कुठे आहे. पहिल्याच रकान्यात घोळ सापडतो. आधारवर ‘पांडुरंग’, शेअर सर्टिफिकेटवर ‘पी. जी.’, सातबाऱ्यावर नुसते ‘पांडू’. ही दुरुस्ती ते स्वतः अर्ज आणि प्रतिज्ञापत्र देऊन करू शकतात, तोवर करून घ्या. मागे राहिलेल्यांना ‘हे तिन्ही एकच’ हे सिद्ध करत फिरावे लागते.

नॉमिनेशन एका दिवसाचे काम आहे, पण साधारणपणे ते मालकी देत नाही. नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त. मालक ठरतो मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार नॉमिनी देता येतात, तेव्हा जुन्या एफडींवर अजून दिवंगत आजीचे नाव आहे का, ते बघून घ्या. हाउसिंग सोसायटीत नॉमिनेशनचा अर्ज तीन प्रतींत द्यायचा. कमिटीच्या सभेत नोंद झाली की त्यातली एक सही-शिक्क्यासह परत घ्यायची. नॉमिनी सोसायटीत तात्पुरता सभासद होतो, एवढेच.

आता मृत्युपत्र. स्टँपपेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, साधा कागद चालतो. लागतात ते दोन साक्षीदार, आणि दोघांनीही सही होताना डोळ्यांनी पाहिलेली हवी, किंवा ‘ही सही माझीच’ असे मृत्युपत्र करणाऱ्याने त्यांना स्वतः सांगितलेले हवे. घरी सही करून कागद नंतर शेजाऱ्यांकडे सहीला पाठवला, तर तिथेच मृत्युपत्र लंगडे होते. साक्षीदार वयाने दहा-पंधरा वर्षांनी लहान, सहज सापडणारे आणि ज्यांना मिळकतीतले काही मिळणार नाही असे निवडा. उद्या वाद झाला तर त्यातल्या एकाला तरी कोर्टात उभे राहावे लागेल. ऐंशीच्या मित्राला साक्षीदार करण्यात प्रेम असेल, शहाणपण नाही.

मजकुरात ‘माझा कोथरूडचा फ्लॅट’ एवढे पुरत नाही. सदनिका क्रमांक, मजला, इमारत, सिटी सर्व्हे किंवा गट क्रमांक, क्षेत्रफळ आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक लिहा. दोन वाक्ये हमखास राहून जातात. पहिले: ‘याखेरीज माझ्या नावे आज असलेली किंवा पुढे येणारी सर्व मिळकत अमुक यांना मिळावी.’ दुसरे: ‘अमुक माझ्याआधी निवर्तल्यास त्यांचा हिस्सा तमुक यांना जावा.’ वडिलोपार्जित मिळकतीत फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरते लिहिता येते. एखाद्या मुलाला वगळायचे असेल तर कारण एका ओळीत, शांत शब्दांत लिहा. मुलीचे नावच न घेणे म्हणजे दाव्याला आमंत्रण.

प्रत्येक पानावर सही, शेवटी तारीख आणि ठिकाण. हात थरथरत असेल तर अंगठा घ्या आणि खाली ‘यांचा डाव्या हाताचा अंगठा’ असे लिहा. दिसत नसेल तर ‘मराठीत वाचून दाखवले, समजले’ ही ओळ हवीच. सत्तरी उलटली असेल तर त्याच तारखेचे डॉक्टरांचे ‘मानसिकदृष्ट्या सक्षम’ असे प्रमाणपत्र जोडा. दुसऱ्या तारखेचे फारसे कामाचे नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केली तर बळ येते, पण नंतरचे बिननोंदणीचे वैध मृत्युपत्रही आधीच्या नोंदणीकृताला रद्द करते. गोव्याचा वारसा कायदा ज्यांना लागू आहे त्यांचे गणित वेगळे: पत्नी, मुले असे हक्कदार वारस असतील तर साधारणपणे निम्म्याच मिळकतीचे मृत्युपत्र करता येते.

बक्षीसपत्राचा, म्हणजे हयातीतच मिळकत मोबदल्याशिवाय दुसऱ्याच्या नावे करून देण्याचा, मोह मोठा असतो. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुले किंवा नातवंडांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. स्थानिक अधिभार असेल तो निराळा. पण बक्षीसपत्र नोंदले गेले त्या दिवसापासून घर दुसऱ्याचे. मन बदलले म्हणून ते परत घेता येत नाही. आमचे मत सरळ आहे: राहते घर हयातीत देऊ नका. द्यायचेच तर पत्रात ही अट शब्दशः घाला: ‘घेणाऱ्याने देणाऱ्याचा तहहयात सांभाळ, औषधपाणी व मूलभूत गरजा पुरवाव्यात आणि देणाऱ्यास या घरात तहहयात राहण्याचा हक्क राहील. कसूर झाल्यास हे बक्षीसपत्र रद्द होईल.’ ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ याच अटीवर उभे आहे. सांभाळ झाला नाही तर साठ वर्षांवरील व्यक्ती प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करून हस्तांतर रद्द मागू शकते. अट लिहिलेली नसेल तर ती होती हेच आधी सिद्ध करत बसावे लागते. अर्ज कसा करायचा हे विचारायला १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

सर्वांत जास्त फसगत होते ती मुखत्यारपत्रात, म्हणजे आपल्या वतीने सह्या-व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदात. ‘बाबांना काही झालं तर असू दे’ म्हणून ते करून ठेवतात आणि नेमके काही झाले की ते निकामी होते. देणाऱ्याचे भान हरपले की आपल्या कायद्यात मुखत्यारपत्रही संपते; मृत्यूनंतर तर संपतेच. स्मृतिभ्रंश वाढलेल्या किंवा कोमातल्या माणसाच्या वतीने घर विकायचे तर पालक नेमून घ्यायला बहुधा उच्च न्यायालयातच जावे लागते. म्हणून विसराळूपणा दिसू लागताच खाती आणि एफडी ‘आयदर ऑर सर्व्हायवर’ पद्धतीने (दोघांपैकी कुणाही एकाच्या सहीने चालणारे, एक गेला तर दुसऱ्याला चालवता येणारे) जोडनावावर करा आणि सहा महिन्यांचा औषध व आयाबाईंचा खर्च अशा एका खात्यात ठेवा. माणूस शुद्धीत आहे पण सही येत नाही, अशा वेळी बँक अंगठ्याचा किंवा पायाच्या बोटाचा ठसाही घेते. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा अधिकारी. शाखेत हे माहीत नसले तर आग्रह धरा.

व्हेंटिलेटर, नळीने अन्न याबद्दलची इच्छा मृत्युपत्रात लिहू नका. ते उघडेपर्यंत वेळ गेलेली असते. त्यासाठी लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेले पत्र, वेगळे. २०२३ च्या बदलानंतर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते होते. निर्णय कुणी सांगायचा त्यांची नावे त्यात लिहा. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे, एक महापालिका किंवा स्थानिक संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे.

मूळ मृत्युपत्र एकट्याच्या नावाच्या, नॉमिनी नसलेल्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायला वारस कोण ते दाखवावे लागते आणि ते सांगणारा कागद आतच असतो. घरातल्या कपाटात ठेवून जागा दोघांना सांगा, किंवा सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे जमा करून पावती त्या वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा.