सगळ्यात कमी रेट कोणी दिला? मिनची किंमत नाही, पूर्ण ओळ कशी काढायची

समजा डेटाबेसमध्ये कोटेशन नावाचं टेबल आहे आणि त्यावर एसक्यूएल क्वेरी लिहायची आहे, कॉलम चारच, माल, सप्लायर, रेट, तारीख. प्रत्येक मालाचा कमीत कमी रेट काढणं सोपं आहे, ग्रुप बायने मालानुसार गट पाडायचे आणि मिनने गटातली सगळ्यात कमी किंमत घ्यायची:

सिलेक्ट माल, मिन(रेट) फ्रॉम कोटेशन ग्रुप बाय माल

पण लगेच कोणीतरी विचारतंच की हा रेट दिला कोणी, मग आपण सिलेक्टमध्ये सप्लायर घुसवतो आणि ओरॅकल (हा एक डेटाबेस) एरर देतं, की हा कॉलम ग्रुप बायमध्ये नाही. तो तिथे टाकला की एरर जाते पण उत्तर बिघडतं, कारण आता प्रत्येक सप्लायरचा वेगळा मिन यायला लागतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या 5.7 च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये तर डिफॉल्ट सेटिंगला एररसुद्धा यायची नाही, ग्रुपमधल्या कुठल्याही ओळीतलं नाव उचलून द्यायचं, मी असा चुकीच्या नावाचा रिपोर्ट पुढे पाठवलाय, म्हणून हे एवढं जीव तोडून सांगतोय.

मिन फक्त किंमत देतं, ती कुठल्या ओळीतली ते सांगत नाही. ओळ हवी असेल तर अॅनालिटिक फंक्शन घ्या, म्हणजे ओळी एकत्र न करता प्रत्येक ओळीला तिच्या गटातला क्रम देणारं फंक्शन, इथे रँक:

सिलेक्ट * फ्रॉम (सिलेक्ट क.*, रँक() ओव्हर (पार्टिशन बाय माल ऑर्डर बाय रेट) अॅज क्रम फ्रॉम कोटेशन क) ट व्हेअर क्रम = 1

सबक्वेरी, म्हणजे कंसातली आतली क्वेरी, लागतेच, कारण व्हेअर आधी चालतं आणि रँक नंतर ठरतो. दोघांनी सारखाच रेट दिला असेल तर रँक दोघांनाही दाखवतं, रो_नंबर एकालाच ठेवतं, आणि ऑर्डर बायमध्ये तारीख वगैरे दिली नसेल तर कोणाला ठेवेल याचा भरवसा नाही, मी तर रँकच वापरतो. मायएसक्यूएलवाल्यांना यासाठी किमान 8.0 आवृत्ती लागेल.

ओरॅकलवर असाल तर ग्रुप बाय माल ठेवूनच मिन(सप्लायर) कीप (डेन्स_रँक फर्स्ट ऑर्डर बाय रेट) लिहिता येतं, म्हणजे सगळ्यात कमी रेटच्या ओळींमधूनच नाव घेतलं जातं, सबक्वेरी नको, फक्त बरोबरी असली तर अक्षरक्रमाने पहिलं नाव येतं.

आणि नल, म्हणजे न भरलेली रिकामी किंमत, बघा हं. मिन नलला सोडून देतं, पण ऑर्डर बाय नाही सोडत, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये चढत्या क्रमात नल सगळ्यात वर येतो, म्हणजे ज्याने रेटच दिला नाही तोच पहिला नंबर पटकावतो. आतल्या क्वेरीत व्हेअर रेट इज नॉट नल टाका, बाहेर टाकून उपयोग नाही, तोवर पहिला नंबर वाटून झालेला असतो.