रोप घेण्याआधी: पॉलिस्टर की नायलॉन?

दुकानात जाण्याआधी गिर्यारोहणाच्या स्टॅटिक रोपाकडून, म्हणजे कमी ताणणाऱ्या दोराकडून, कोणतं काम करून घ्यायचं आहे ते लिहून काढा. लांब कड्यावर जुमारिंग (जुमार या पकडीने रोपावरून वर चढणं), पावसाळ्यातलं धबधब्याचं रॅपलिंग (रोपावरून खाली उतरणं) किंवा जीवधन किल्ला ते वानरलिंगी सुळक्यासारखं व्हॅली क्रॉसिंग (ताणलेल्या रोपावरून दरी पार करणं) असेल, तर आमचा कौल पॉलिस्टरला. नायलॉनचा स्टॅटिक रोप माणसाच्या वजनाने साधारण ३ टक्के ताणला जातो. म्हणजे १०० मीटर खाली उभा असलेला गडी जुमार लावून आधी ३ मीटर रोपच ओढतो, आणि पुढे प्रत्येक हिसक्याला वरचा रोप कातळाच्या धारेवर घासत राहतो. सह्याद्रीचा बेसाल्ट खरखरीत, त्यामुळे तिथे शीथ, म्हणजे रोपाचं बाहेरचं विणलेलं आवरण, फाटते. पॉलिस्टर कमी ताणतो, कमी घासतो. धारेवर रोपाखाली घालायचा रोप प्रोटेक्टर मात्र दोन्हींना हवाच.

नायलॉन पाणी पितो, ओला असताना थोडा कमजोर होतो आणि वाळला की आखडतो. म्हणून मापापेक्षा ५ ते १० टक्के लांब घ्या, एकदा भिजवून सावलीत वाळवा आणि मध्याची खूण त्यानंतरच करा.

झटका बसण्याची शक्यता असेल तिथे नायलॉनच घ्या. अँकरखाली (रोप जिथे बांधलाय त्या जागेखाली) दोन मीटरवर ढील ठेवून कुणी घसरला, तर नायलॉन तो झटका बराचसा जिरवतो. पॉलिस्टर तो थेट कातळातल्या बोल्टवर आणि कमरेवर आणतो. नवशिक्यांच्या शिबिराला म्हणूनच नायलॉन बरा. लीड क्लाइंबिंगला (रोप सोबत घेऊन सर्वांत पुढे चढायला) दोन्ही चालत नाहीत, तिथे ताणून झटका जिरवणारा डायनॅमिक रोपच लागतो.

व्हॅली क्रॉसिंगला पॉलिस्टर घेतलात तर झोळ मुद्दाम ठेवा. मध्ये माणूस असताना रोप आडव्या रेषेपासून १० अंशच खाली असेल, तर प्रत्येक अँकरवर त्याच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट भार येतो, आणि पॉलिस्टर स्वतःहून फारसा झुकत नाही.

टोकाच्या पट्टीवर ईएन १८९१ (स्टॅटिक रोपाचं युरोपीय मानक) आणि ए ही अक्षरं पाहा. ए प्रकाराला किमान २२ किलोन्यूटन ताकद लागते, बी ला १८. आतल्या फितीवर धाग्याचा प्रकार आणि उत्पादनाचं वर्ष असतं, दुकानदाराच्या शब्दाऐवजी ते वाचा. शीथ पॉलिस्टरची आणि कोर (आतला गाभा) नायलॉनचा असेही रोप मिळतात. डिसेंडरवर (उतरण्याच्या साधनावर) छापलेल्या व्यासात रोप बसतो ना, तेही तपासा.

गाडीत रोप बॅटरीजवळ ठेवू नका. ॲसिडने नायलॉन आतून जळतो आणि बाहेरून काही दिसत नाही. पॉलिस्टर ॲसिडला टिकतो, पण तीव्र क्षाराने खराब होतो, तेव्हा धुताना कॉस्टिक सोडा दूर ठेवा.