तेराव्यानंतरचं घर

पहिले तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. शेजारून पिठलं-भाकरी येते, चहाचं आधण उतरत नाही, रामकुंडावर दहावा होतो, तेराव्याला गोडाचं जेवण होतं. मग पाहुणे निघतात, सतरंज्या गुंडाळल्या जातात आणि गेलेल्या माणसाची रिकामी खुर्ची पहिल्यांदा नीट दिसते. कठीण काळ इथून सुरू होतो, म्हणून मदतीची आखणी या दिवसांसाठी करा. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्यांपैकी तिघांना तेराव्यालाच वार वाटून द्या. एकाने मंगळवारी डबा आणायचा, एकाने शुक्रवारी संध्याकाळी नुसतं येऊन बसायचं, एकाने बँकेत सोबत यायचं. वार ठरला नाही तर संकोचापोटी कोणीच येत नाही.

दहाव्याची एक गोष्ट मनात फार काळ सलते. कावळा पिंडाला शिवत नाही, घरचे उन्हात उभे राहून ‘धाकटीचं लग्न करू’, ‘आईला सांभाळू’ अशा कबुल्या देत राहतात, आणि तरीही तो आला नाही तर ‘त्यांची इच्छा राहिली, आपण कमी पडलो’ हे डोक्यात घर करतं. गोदाकाठी एका सकाळी अनेक घरांचे पिंड मांडलेले असतात. कावळा कुठल्या पानावर उतरतो याचा तुमच्या सेवेशी संबंध नाही. दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववण्याची सोय परंपरेतच आहे. किती वेळ थांबायचं ते गुरुजींशी आधीच बोलून ठेवा. अपराधीपणाच्या भरात कोणी त्र्यंबकेश्वरला आणखी एखादा मोठा विधी करायला सुचवलं, तर किमान तीन महिने निर्णय लांबवा. घर विकणं, दागिने वाटणं, विम्याचे पैसे कुठे गुंतवणं यांना तर वर्षभर हात लावू नका.

शरीराकडे लक्ष द्या. झोप मोडते, घास उतरत नाही, गॅस चालू राहतो, किल्ल्या हरवतात. तीन-चार तासांनी वाटीभर पेज, मऊ खिचडी किंवा ताक घ्या. भुकेची वाट पाहू नका. दुपारी चारनंतर चहा नको. झोपेसाठी दारू नको आणि नातेवाइकाच्या डबीतली गोळीही नको. या दिवसांत रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या हमखास चुकतात, म्हणून त्या वारांच्या डबीत भरण्याचं काम दुसऱ्याकडे द्या. जवळचं माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत हृदयविकाराचा धोका खरोखरच वाढतो. छातीत कळ, घाम, हातात किंवा जबड्यात दुखणं असेल तर ‘दुःखानं होतंय’ म्हणून घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

जिन्यात त्यांची चप्पल वाजली, हाक ऐकू आली असे भास पुष्कळांना होतात. ते वेडाचं लक्षण नाही. दुःखाच्या ‘पाच पायऱ्या’ही (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) मोजत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडलेल्या त्या पायऱ्या मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून सुचलेल्या होत्या. शोकाचे अभ्यासक स्ट्रोब आणि शूट यांनी १९९९ साली मांडलेलं जास्त उपयोगी पडतं: माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांत ये-जा करत राहतो, आणि दोन्ही लागतं. संध्याकाळी अर्धा तास फोटोपाशी बसा, रडा, बोला. मग उठून भाजी निवडा किंवा गोदाकाठी चक्कर मारा. हसू आलं तर येऊ द्या, त्यात बेइमानी नाही.

लहान मुलांना ‘आजोबा झोपलेत’ सांगू नका, मूल झोपायलाच घाबरतं. ‘आजोबा वारले, आता परत येणार नाहीत’ असं सरळ सांगा. पाचेक वर्षांचं मूल तेच पुन्हापुन्हा विचारेल. दरवेळी तेच उत्तर द्या. घरात बाई एकटी राहिली असेल तर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं थांबवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये तसा ठराव केला आणि राज्य सरकारने तोच कित्ता सगळ्या ग्रामपंचायतींपुढे ठेवला.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. दाखल्याच्या सात-आठ प्रती घ्या. बँक, विमा, पेन्शन सगळीकडे लागतात. दिवसाला एकच कार्यालय, तेही सकाळी.

वर्ष उलटूनही गेलेल्या माणसाची तीव्र ओढ जवळपास रोज तशीच असेल आणि कामधंदा, माणसं सुटली असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगणं संपवावंसं वाटलं तर त्याच क्षणी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येतं. घरात कोणाला असं वाटत असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका.

वर्षश्राद्ध तिथीने येतं, कॅलेंडरची तारीख वेगळी पडते. म्हणजे जड दिवस दोन, शिवाय पितृपक्ष, वाढदिवस आणि फराळ न करता जाणारी पहिली दिवाळी. हे सगळे दिवस आत्ताच भिंतीवरच्या कालनिर्णयवर खुणा करून ठेवा, आणि त्या दोन दिवसांची रजा आधीच टाका.