लिनक्सवर इंडी गेम: दुकान कुठलं, खटपट किती

लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड लॅपटॉप आणायचा, त्यावर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची आणि इंडी गेम, म्हणजे छोट्या स्वतंत्र निर्मात्यांचे गेम, खेळायचे, हा बेत उत्तम आहे. फक्त ‘आय-फाइव्ह आहे, एसएसडी आहे’ एवढ्यावर पैसे काढू नका. प्रोसेसरच्या नावातला पुढचा आकडा बघा: ४३०० म्हणजे चौथी पिढी, ६३०० म्हणजे सहावी. रोजच्या कामात दोन्ही सारखेच वाटतील, पण इंटेलच्या चौथ्या पिढीतल्या ग्राफिक्सला व्हल्कन १.३ (गेम ग्राफिक्सशी ज्या भाषेत बोलतो तिची एक आवृत्ती) झेपत नाही, सहावीपासून झेपतं. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हाल्व्हने २०१८ मध्ये आणलेला प्रोटॉन विंडोजचे गेम लिनक्सवर चालवतो तो डायरेक्टएक्सचं, म्हणजे विंडोजच्या तशाच भाषेचं, काम व्हल्कनकडे वळवून, आणि प्रोटॉन ८ पासून बहुतेक गेमना १.३ लागतंच. जुन्या मशीनवर मग काळी खिडकी क्षणभर उघडते आणि बंद होते. कुठे काही मेसेजसुद्धा येत नाही.

म्हणून जाताना खिशात मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता त्यावरूनच मिंट चालवणारा) असू द्या. दुकानातच बूट करा, मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा, ‘व्हल्कन-टूल्स’ हे पॅकेज टाका आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, ‘व्हल्कनइन्फो’ चालवा. एपीआय व्हर्जन १.३ किंवा वर दिसलं की ठीक. मात्र वर कार्डाचं नावही वाचा. तिथे फक्त ‘एलएलव्हीएमपाइप’ असेल तर ग्राफिक्सचं काम प्रोसेसर हाताने ओढतोय, तो आकडा कामाचा नाही. चौथ्या पिढीचा लॅपटॉप घरात आधीच असेल तर टाकून देऊ नका. प्रोटॉन ७ वर हलके गेम चालून जातात, आणि ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्स-भाषेवर चालणाऱ्या लिनक्स बिल्डना (खास लिनक्ससाठी बनवलेल्या आवृत्त्यांना) हा अडथळाच नाही.

आता स्टीम. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये ते दोन रूपांत मिळतं, सिस्टिम पॅकेज आणि फ्लॅटपॅक (बाकी सिस्टिमपासून वेगळं, बंदिस्त ठेवलेलं पॅकेज). सिस्टिम पॅकेज घ्या. मिंटऐवजी उबुंटू असेल तर त्याच्या ॲप सेंटरमध्ये समोर येतं ते स्नॅप, तेही बंदिस्त पॅकेजच, त्याच्या नादी न लागता स्टीमच्या साइटवरून डेब फाइल उतरवा. फ्लॅटपॅक वाईट नाही, पण त्याला तुमची दुसरी डिस्क दिसत नाही. फ्लॅटसील हे परवानग्यांचं ॲप टाकून परवानगी द्यावी लागते.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते मात्र जुन्या विंडोज पार्टिशनवर. ‘गेम तिथे आहेतच, परत कशाला डाउनलोड करू’ असं म्हणून स्टीमची लायब्ररी त्या एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या, डिस्कवर दाखवली जाते. यादीत गेम दिसतात, प्ले दाबलं की बटण क्षणभर बदलतं आणि पुन्हा पहिल्यासारखं. कारण असं, की प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटी सी ड्राइव्ह मांडतो आणि त्यात ‘सी’ पुढे विसर्गासारखी दोन टिंबं, म्हणजे कोलन असलेल्या नावाची लिंक बनवतो. विंडोजच्या नियमात फाइलच्या नावात कोलन बसत नाही, आणि तिथेच गाडी अडते. गेमसाठी एक्सट४ या लिनक्सच्या पद्धतीचं पार्टिशन करा. डाउनलोड पुन्हा करायचं नसेल तर गेमचे फोल्डर तिकडे कॉपी करून स्टीमला फाइल्स व्हेरिफाय करायला सांगा. ते कमी पडेल तेवढंच उतरवतं.

स्टारड्यू व्हॅली, सेलेस्ट, हॉलो नाइट, स्ले द स्पायर यांची लिनक्स बिल्ड आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ मात्र विंडोजचाच, तो प्रोटॉनमधून चालवायचा. लिनक्स बिल्ड असलं म्हणजे तेच बरं, असंही नाही. निर्मात्याने दोन-चार वर्षं त्याला हात लावला नसेल तर आवाज गायब, कंट्रोलर गायब. गेमवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथे प्रोटॉन सक्तीने निवडा. पुष्कळदा तेवढ्याने काम होतं. विकत घेण्याआधी प्रोटॉनडीबी या खेळणाऱ्यांच्या अनुभवांच्या साइटवर नाव शोधा. प्लॅटिनम-गोल्डच्या बिल्ल्यापेक्षा खालची ताजी नोंद वाचा, तुमच्यासारखंच कार्ड असलेल्या माणसाची. तरी फसलात तर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर स्टीम पैसे परत देतं.

इच डॉट आयओ या इंडी गेमच्या साइटवर सगळं जास्त मोकळं आणि जास्त हाताने करायचं. पेंग्विनचं, म्हणजे लिनक्सचं, चिन्ह असलेलं डाउनलोड घ्या, झिप सोडवा, फाइलवर डबल-क्लिक करा. काहीच होत नाही? निर्मात्याने झिप विंडोजवर केली असेल तर फाइल ‘चालवण्याजोगी’ असल्याची खूण गळून जाते. राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, परमिशन्स, तिथे प्रोग्रॅम म्हणून चालवण्याच्या परवानगीवर टिक करा. युनिटी या गेम-इंजिनवर बनवलेल्या गेममध्ये शेजारी ‘डेटा’ नावाचं फोल्डर असतं, गोडो या इंजिनवरच्या गेममध्ये बहुतेकदा ‘पीसीके’ फाइल. डेस्कटॉप नीटनेटका ठेवायच्या हौसेपायी मुख्य फाइल एकटीच उचलून नेली तर गेम उघडणार नाही. एवढं करूनही अडलं तर टर्मिनलमधून चालवा आणि शेवटच्या दोन ओळी वाचा. कुठली लायब्ररी सापडत नाही ते नावानिशी लिहिलेलं असतं. इचचं स्वतःचं ॲप टाकलं की परवानगीची ही कटकट बरीचशी ते ॲपच निस्तरतं.

तिसरं दुकान जीओजी. त्याचं गॅलॅक्सी हे ॲप लिनक्ससाठी नाही. साइटवरून इन्स्टॉलर उतरवा किंवा हिरोइक लाँचर हे दुसरं ॲप वापरा. इन्स्टॉलर डीआरएमशिवाय, म्हणजे कॉपीवरच्या कुलपाशिवाय, असल्याने जपून ठेवता येतो, आणि डोंबिवलीच्या मित्राकडच्या जोरदार वायफायवर तुमच्या नावाने उतरवून पेनड्राइव्हवर घरी आणता येतो. फक्त पेनड्राइव्ह फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर जाणारच नाही. एक्सफॅटवर जाईल, पण चालवण्याची खूण तिथेही टिकत नाही, घरी कॉपी केल्यावर ती टिक परत करा.

पैशांचं म्हणाल तर स्टीमवर किंमत रुपयांत असते. इचवर साधारणपणे डॉलरमध्ये, कार्ड किंवा पेपालने. कार्ड नाकारलं जातंय आणि खात्यात पैसे आहेत, अशा वेळी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डावर ते बंदच येतात. विक्रीतला स्टीमचा नेहमीचा वाटा ३० टक्के. इचवर तो निर्माता स्वतः ठरवतो, काही बदललं नाही तर १० टक्के. दोन्हीकडे गेम मिळत असेल आणि हाताने करायची तयारी असेल तर इचवरून घ्या.

मे महिन्यात साधा पिक्सेलचा गेम चालू असताना पंखा घोंघावायला लागला तर सेटिंगमध्ये व्ही-सिंक (फ्रेमचा वेग स्क्रीनच्या वेगाला बांधणारा पर्याय) चालू करा. मर्यादा नसेल तर असा गेम सेकंदाला शेकडो फ्रेम काढत बसतो, स्क्रीन दाखवते त्यातल्या ६०.

आणि लिनक्स बिल्डवरून प्रोटॉनवर उडी मारण्याआधी सेव्ह फाइलची प्रत काढा. लिनक्स बिल्डची सेव्ह होम फोल्डरमध्ये लपलेली असते, कंट्रोल-एच दाबल्यावर दिसते. प्रोटॉनची त्या खोट्या सी ड्राइव्हमध्ये. क्लाउड सेव्ह दोन्हींना जोडेलच असं नाही.