बुगांडात मुलाखती घेताना: सगळे एकच सांगू लागले तर सावध व्हा

युगांडातल्या बुगांडा या जुन्या राज्याच्या मौखिक इतिहासावर प्रबंध करायला निघालेल्यांसाठी हे लिहितोय. आधी परवानग्यांचं थोडक्यात सांगतो. युगांडात आधी स्थानिक संस्थेशी संलग्नता, मग तिथल्याच नैतिकता समितीची मंजुरी, त्यानंतर राष्ट्रीय विज्ञान परिषदेकडे नोंदणी. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला आणि गावच्या अध्यक्षाला भेटणं वेगळं. वैताग येतो, पण पार पडतं.

खरा खड्डा पुढे आहे. तीन गावांतले तीन आजोबा कबाकांची, म्हणजे राजांची, वंशावळ एकाच क्रमाने सांगतात आणि नवख्याला वाटतं, पुरावा पक्का झाला. नाही झाला! बुगांडाचे पंतप्रधान अपोलो काग्वा यांनी १९०१ मध्ये राजांचा इतिहास लुगांडात, म्हणजे तिथल्या भाषेत, छापला आणि तो लोकांच्या तोंडी बसला. म्हणजे तोंडं तीन, साक्षीदार एकच, तोही सत्तेतला. १८६२ मध्ये बुगांडाच्या दरबारात आलेला इंग्रज प्रवासी जॉन स्पीक याने नोंदवलेली यादी काग्वांच्या यादीपेक्षा खूपच आखूड आहे. दोन्ही याद्या तिकडे जाण्याआधीच वहीत शेजारी शेजारी उतरवा.

मुलाखतीत राजांना शेवटी ठेवा. आधी कुळाचं विचारा: कुळात कोणता प्राणी वर्ज्य, पुरखे कुठे पुरलेत, जमीन कशी मिळाली, दरबारात कोणतं काम वंशपरंपरेने होतं. मांबा (हा साप नव्हे, फुप्फुसाने श्वास घेणारा मासा) कुळाचा प्रमुख गाबुंगा हा राजाच्या नौकांचा सरदार. छापील इतिहासाशी न जुळणारं काही मिळालंच तर ते अशा कुळाच्या आठवणीत मिळतं, आणि तेच जपायचं. शाळा किती झाली, हे कुणाकडून ऐकलं, घरात पुस्तक आहे का, हे अगदी शेवटी. आधी विचारलंत तर माणूस पुस्तकातलंच सांगू लागतो.

दुभाष्यावर काम निभावून न्या म्हणणारे मार्गदर्शक मला पटत नाहीत. दुभाष्या शिकलेला असतो, काग्वा त्यानेही वाचलेले असतात. आजोबा अडखळले की मधली नावं तोच भरतो, तेही चांगुलपणाने. म्हणून ध्वनिमुद्रण लुगांडातच ठेवा आणि ते कागदावर उतरवायला दुसरा माणूस घ्या. एका तासाच्या मुद्रणाला सहा-आठ तास सहज जातात. मोबदला आधी ठरवा, प्रबंधात नाव द्या.

काग्वांची छाप सापडली म्हणून मुलाखत वाया गेली असं मात्र समजू नका. कोणत्या कुळाने ती आवृत्ती उचलली, कोणत्या कुळाने नाकारली, त्यात कुणाच्या जमिनीचा दावा दडला होता, यावर अख्खा प्रबंध उभा राहतो.

युगांडाच्या तिकिटाचे पैसे नसतील तर आफ्रिकेच्या इतिहासासाठी पणजी गाठा. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चाले, त्याची दप्तरं तिथल्या पुराभिलेखागारात आहेत. पण जुनं पोर्तुगीज हस्ताक्षर वाचायला शिकूनच जा.