‘नको’ म्हणणं सोपं ठेवा

1986 साली मी स्टाफ नर्स म्हणून नवीनच लागले होते. एका खेड्यातल्या आजींचं गर्भपिशवीचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. रात्रपाळीत मी त्यांच्या उशाजवळ सुवार्तेची, म्हणजे येशूच्या शिकवणीची, एक पत्रिका ठेवली. आजींनी हात जोडले आणि मला फार बरं वाटलं. सकाळी त्यांच्या मुलीनं मला व्हरांड्यात गाठलं. म्हणाली, “सिस्टर, आईला वाचता येत नाही. पण तिनं कागद कपाळाला लावून उशाखाली ठेवलाय. तिच्याकडे नीट बघाल ना?”

त्या मुलीला वाटलं होतं की आईच्या सेवेची ही किंमत आहे, आणि ती चुकती केली हे ती मला कळवत होती. येशूचं नाव मी तिच्यापर्यंत असं पोचवलं होतं. चाळीस वर्षं होत आली, तरी तिचा आवाज माझ्या कानात आहे. आमच्या चर्चच्या मंडळीतली तरुण मुलं मला विचारतात, “मावशी, शेजाऱ्यांना, कॉलेजातल्या मित्रांना आपल्या विश्वासाविषयी कसं सांगायचं?” तेव्हा मी सुरुवात त्या व्हरांड्यापासून करते.

तोंड उघडण्याआधी स्वतःला एकच विचारा: हा माणूस मला सहज ‘नको’ म्हणू शकेल का? म्हटल्यानं त्याचं काही बिघडणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे का? पेशंट म्हणू शकत नाही. तुमच्या घरी धुणंभांडी करणारी बाई म्हणू शकत नाही. ज्याला तुम्ही उसने पैसे दिलेत तो, तुमच्या शिकवणीला येणारी मुलं, हाताखालचा शिपाई, कालच घरात मयत झालेलं कुटुंब, यांच्यातलं कुणीच म्हणू शकत नाही. तिथे सेवा करा, पैसे द्या, शिकवा, डबा पोचवा आणि गप्प राहा. मुलांच्या बाबतीत तर आईवडिलांना विचारल्याशिवाय नाताळच्या नाटकालासुद्धा बोलवू नका.

याला आपल्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, आधार आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात, आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेनं द्या, असं सांगितलं आहे. म्हणजे आधी कुणीतरी विचारलेलं आहे. आपण बहुतेक वेळा कुणी न विचारलेल्या प्रश्नाची उत्तरं देत सुटतो.

मग कुणी विचारावं कसं? आधी तुम्ही विचारा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू शमरोनी बाईशी बोलायला लागतो तो पाणी मागून. ज्यांच्या भांड्याला यहुदी हात लावत नसत, त्यांच्यातल्या बाईकडे तो पाणी मागतो. पाण्यावरून माणसाला लांब ठेवणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. तो देणारा म्हणून आला नाही, तहानलेला म्हणून आला. आपणही शेजारणीकडे काहीतरी मागायला जावं. तुमच्याकडे महालक्ष्म्या कशा बसवतात, तुमचे रोजे कसे चाललेत, विपश्यनेच्या शिबिरात दहा दिवस न बोलता कसे काढलेत, हे खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारा. समोरचा बोलत असताना मनात स्वतःचं उत्तर जुळवत बसू नका. त्याला ते डोळ्यांत दिसतं.

शब्दांविषयी जरा सविस्तर सांगते, कारण आमच्या पोरांची गाडी इथे हमखास अडते. मंडळीतली भाषा मंडळीबाहेर टोचते. ‘अंधारात असलेले’, ‘हरवलेले’, ‘मूर्तिपूजक’ हे शब्द समोरच्यासाठी वापरायचेच नाहीत. त्याच्या देवाला सैतान म्हणणं तर दूरच. येशूचा प्रेषित पौल अथेन्सला गेला तेव्हा मूर्तींनी भरलेलं ते शहर पाहून त्याचा जीव तळमळला. तरी अरीयपगावर, म्हणजे तिथल्या सभेपुढे, उभा राहिल्यावर त्यानं त्यांच्या भक्तिभावापासून सुरुवात केली आणि त्यांच्याच कवींचे शब्द घेतले. ‘तारण’ म्हणजे आपल्याला पापातून सुटका, पण तो शब्द काढला की बाहेरच्या माणसाला बँकेतलं सोनेतारण आठवतं. तेव्हा साधं बोला: “माझ्या मनात फार अपराधी भावना होती, ती येशूपाशी उतरली.”

‘कृपा’ हा शब्द मात्र आपला आणि वारकऱ्याचा सामायिक आहे. ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. ते त्यांच्या आयुष्याचं सत्य होतं, म्हणून त्यांच्या भजनांत ते खरं वाजतं. आपण ते उचलून एखाद्या वारकऱ्याला “तुमच्या तुकोबांना खरं म्हणजे येशूच हवा होता” असं सांगू लागलो, तर तो त्याच्या संताचा अपमान आहे. अभंग वाचा, आवडला तर आवडला म्हणा, आणि तो त्यांचा आहे हे विसरू नका.

टिळकांच्याच घरची दुसरी गोष्ट मला जास्त शिकवून गेली. त्यांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधली पाच वर्षं सोपी नव्हती. ताटातूट झाली, लोकांची बोलणी झाली, आणि नवऱ्याकडे परत आल्यावरही त्या आपलं सोवळं सांभाळत राहिल्या. पुढे त्या आल्या त्या स्वतःच्या पायांनी. घरच्या माणसाला पाच वर्षं लागू शकतात, तर कॉलेजातल्या मित्राकडून पंधरा दिवसांत उत्तराची अपेक्षा करू नका. आणि कधीच उत्तर आलं नाही, तरी तो मित्रच आहे.

स्वतःची साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव, सांगाल तेव्हा खरी आणि अपुरी सांगा. माझ्या आईला कॅन्सर होता. आम्ही सात महिने प्रार्थना केली, आई गेली. मी हे गाळत नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं, “मग तुमच्या देवानं काय केलं?” मी म्हटलं, “आई गेली त्या रात्री मी एकटी नव्हते, एवढंच मला सांगता येतं.” त्यांना ते पटलं की नाही ठाऊक नाही, पण त्या माझा हात धरून बराच वेळ बसल्या.

आणि नर्स म्हणून हे मी ओरडून सांगते: प्रार्थनेनं बरं होण्याची हमी कुणालाही देऊ नका. रक्तदाबाची गोळी, इन्सुलिन, टीबीचा कोर्स बंद करायला सांगणं हे पाप आहे. साप किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हाही आहे. 2011 साली वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस, व्हॅटिकन आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून ख्रिस्ती साक्षीविषयी एक निवेदन काढलं. आजारी माणसाच्या असहायतेचा फायदा घेऊ नका, आर्थिक आमिष दाखवू नका, हे त्यात स्पष्ट आहे. एवढी वेगवेगळी घराणी ज्यावर एकत्र आली, ते आपण तरी पाळावं.

कुणासाठी प्रार्थना करायची असेल तर आधी विचारा, “मी तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल?” नको म्हणाले तर “बरं” म्हणा आणि चहा घ्या. हो म्हणाले तर दोन वाक्यांत करा. डोळे मिटून देवाशी बोलतोय असं दाखवत समोरच्याला प्रवचन देऊ नका. ती लबाडी आहे आणि ती लगेच कळते.

एक प्रश्न तुम्हाला येणारच: “तुमचे लोक भाकरीसाठी बाटले ना?” चिडू नका. आमच्या नगर जिल्ह्यात 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ पडला, तेव्हा गावकुसाबाहेरची कितीतरी माणसं मिशनकडे गेली. माझे पणजोबा त्यांतले. हो, त्यांना भाकरी मिळाली. गावानं ज्यांना विहिरीवर येऊ दिलं नाही, त्यांना कुणीतरी शेजारी बसवून जेवू घातलं आणि लिहायला शिकवलं. मी हे लपवत नाही, आणि त्याची मला लाजही वाटत नाही. ‘बाटगे’ हा शब्द लागतो, तरी उत्तर सरळ द्यायचं. मात्र त्याच इतिहासामुळे आज आपल्या हातून धान्याच्या पिशवीत पत्रिका जाता कामा नये.

कायद्याचं थोडक्यात. राज्यघटनेचं पंचविसावं कलम धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. प्रसार म्हणजे आपली शिकवण सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 1977 साली दिला. काही राज्यांत याहून कडक कायदे आहेत. परराज्यात शिकायला जाणाऱ्यांनी आधी तिथल्या पाळकांना विचारून घ्यावं.

शेजाऱ्यांनी आणलेला प्रसाद खावा का, असंही मुलं विचारतात. यावर आपल्यातच दोन मतं आहेत आणि पौलानं करिंथकरांना यावर बरंच लिहिलं आहे. मी खात नाही. पूर्वी दारातूनच परत पाठवायची, आणि त्यानं एका वहिनीचे डोळे भरलेले मी पाहिले. आता आत बोलावते, बसवते, कारण सांगते आणि म्हणते, “पुढच्या वेळी नैवेद्याआधीची एक वाटी माझ्यासाठी काढून ठेवा.” तेव्हापासून त्या दर वेळी आठवणीनं काढून ठेवतात.

त्याच वहिनींनी अकरा वर्षांपूर्वी मला एकदा शांतपणे सांगितलं होतं, “ताई, तुमचं ऐकलं, पण आमचा विठोबा आम्हाला पुरतो.” मी बरं म्हटलं. त्यानंतर त्यांच्याकडे तो विषय मी काढलेला नाही. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाताना नगरला मुक्कामाला येते, तेव्हा त्यांच्या ओळखीच्या दिंडीचा बीपी तपासायला त्या मला घेऊन जातात. माझ्या पिशवीत बीपीचं मशीन, पायाच्या फोडांसाठी ड्रेसिंग आणि ओआरएसची पाकिटं असतात. गेल्या वर्षी एका माऊलींनी पायाला पट्टी बांधून घेताना माझ्या गळ्यातल्या क्रुसाकडे बघत विचारलं, “तुम्ही आमच्यातल्या नाही, मग हे का करता?”

मी पट्टी बांधून पूर्ण केली आणि म्हटलं, “सांगते, पण मोठं आहे. तुम्हाला ऐकायचंय की झोपायचंय?”

“झोपते आता,” त्या म्हणाल्या. मी पिशवी उचलून पुढच्या माऊलींकडे गेले.