फाईल ऑनलाईन आहे, मग पुण्यात उघडत का नाही? या चुका टाळा

सकाळी साडेसहाला फोन. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतले आमचे जुने गिऱ्हाईक, फ्लेक्सचं दुकान. रात्रीच्या गाडीनं पुण्याला गेलेले, स्वारगेटला उतरून चहा घेत होते.

"फाईल उघडली ओ, पण पाहुण्यांचं नाव जुनंच दिसतंय. काल रात्री बदललंय की मी!"

"बदलल्यावर पीसी कधी बंद केला?"

"लगेच. शटर ओढलं आणि स्टँडवर."

गोम इथंच होती. सेव्ह दाबलं की फाईल वर गेली, असा बहुतेकांचा समज असतो. सेव्ह होते ती आपल्या हार्डडिस्कवर. तिथून ती गुगल ड्राइव्हवर किंवा वनड्राइव्हवर चढायला वेळ लागतो. त्यांची फाईल सहाशे एमबीची, दुकानातल्या नेटचा अपलोडचा वेग १० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला १० मेगाबिट, जेमतेम सव्वा एमबी. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी आठ मिनिटं. यांनी दोन मिनिटांत पीसी बंद केला. वर राहिली ती दुपारची फाईल.

बंद करण्याआधी खाली उजवीकडे, घड्याळाशेजारी जे ढगाचं किंवा ड्राइव्हचं चिन्ह असतं, त्यावर एकदा क्लिक करायचं. काम चालू असेल तर तिथं तसं लिहिलेलं दिसतं. एवढ्यावरही समाधान मानू नका. खिशातल्या फोनचं वायफाय बंद करा, मोबाईल डेटावर तीच फाईल उघडा आणि शेवटची दुरुस्ती दिसते का बघा. दुकानातल्या मशिनवर फाईल उघडणारच हो, ती तिथंच तर आहे! परीक्षा घ्यायची ती दुसऱ्या मशिनवर आणि दुसऱ्या नेटवर.

दुसरी तऱ्हा लॅपटॉपवाल्यांची. फोल्डरमध्ये सगळ्या फायली दिसतात म्हणून निर्धास्त निघायचं आणि गाडीत बसल्यावर काहीच उघडत नाही. वनड्राइव्हमध्ये फाईलच्या नावापुढं ढग दिसला, तर लॅपटॉपवर फक्त नाव आहे, माल वर आहे. नेट नसेल तर ती फाईल नसल्यात जमा. प्रवासात लागणाऱ्या फोल्डरवर राईट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाईस' निवडा. भरीव हिरव्या गोलात बरोबरची खूण आली की माल खाली उतरला. गुगल ड्राइव्हच्या कॉम्प्युटरवरच्या ॲपमध्ये 'स्ट्रीम' आणि 'मिरर' असे दोन पर्याय असतात. स्ट्रीममध्ये फाईल गरजेपुरती उतरते, मिररमध्ये पूर्ण प्रत आपल्याकडंही राहते. खंबाटकी घाटात रेंज गेल्यावर हा फरक नीट कळतो.

छपाईवाल्यांसाठी एक खास गोष्ट. पत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्या बऱ्याच दुकानांत अजून श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये काम चालतं. या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. समोरच्या मशिनवर तोच फॉन्ट नसेल, तर 'शुभविवाह'च्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाईल व्यवस्थित पोचलेली असते, वाचता मात्र येत नाही. मूळ फाईल कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्येच राहू द्या, पण शेजारी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत, बदललेली एक प्रत आणि एक पीडीएफही ठेवा. फोनवर गिऱ्हाइकाला दाखवायला पीडीएफच बरी.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हापासून आमच्याकडं "सगळं ऑनलाईन टाकून द्या" म्हणणारे वाढले. राजाराम बंधाऱ्याची पातळी इशाऱ्याच्या ३९ फुटांवर गेली की फोन सुरू होतात, ४३ ची धोक्याची पातळी गाठायच्या आत काम पाहिजे असतं. पुरापासून फायली वाचवायला ही सोय चांगलीच आहे. आपल्याच हातापासून मात्र ती वाचवत नाही. सिंक म्हणजे दोन्हीकडं सारखं ठेवणं. इथं पुसलं की तिथंही पुसलं जातं. एकानं पीसीचा सी ड्राइव्ह भरला म्हणून गुगल ड्राइव्हच्या फोल्डरमधले तीन वर्षांचे फोटो डिलीट केले. म्हणाला, "वर हायत की!" वर नव्हते, ट्रॅशमध्ये होते. गुगल ड्राइव्हचा ट्रॅश ३० दिवस सांभाळतो, हा सव्वा महिन्यानं आला. जागा करायची असेल तर डिलीट नको. वनड्राइव्हमध्ये 'फ्री अप स्पेस' असतं, ते वापरा. आणि एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून ती माडीवर ठेवा. पुराच्या गावात हार्डडिस्क टेबलाखाली ठेवणाऱ्याला काय म्हणावं!

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा चालू डेटा तर सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवूच नका. टॅली काम चालू असताना अनेक फायलींत एकदम लिहीत असते. त्यातली एखादी अर्धवट असताना वर गेली, किंवा दोन मशिनवरून एकाच कंपनीत एंट्र्या झाल्या, की डेटा बिघडतो. रात्री टॅलीतूनच बॅकअप घ्या आणि तो बॅकअप ड्राइव्हवर टाका.

गुगलचे फुकटचे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतात. घरच्या बारशाचे व्हिडिओ आणि धंद्याची बिलं एकाच खात्यात असतील तर बारसं जिंकतं, आणि जागा भरल्यावर मेल येणंही थांबतं. धंद्याचं खातं वेगळं ठेवा.

काही लोक वर काहीच ठेवत नाहीत. गरज पडली की एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा क्रोम रिमोट डेस्कटॉपनं थेट दुकानातल्या मशिनमध्ये शिरतात. मोठ्या फायलींसाठी मलाही हेच पटतं. पण मशीन झोपलं असेल तर शिरणार कसं? विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा. स्क्रीन बंद झाली तर चालते. लाईट जाऊन आली तर पीसी आपोआप सुरू व्हावा, यासाठी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, सोय असते. नाव प्रत्येक मदरबोर्डवर वेगळं, 'एसी पॉवर लॉस' किंवा त्याच्या आसपासचं काहीतरी शोधा. राऊटर इन्व्हर्टरवर नसेल तर पीसी चालू असूनही उपयोग नाही. आणि समोर बसून 'ॲक्सेप्ट' दाबायला कुणी नसेल, तर एनीडेस्कमध्ये विनादेखरेख प्रवेशाचा पासवर्ड आधीच लावून ठेवावा लागतो. तो १२३४५६ किंवा दुकानाचं नाव नको.

विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉपही असतं. पण विंडोज होम असलेल्या मशिनमध्ये त्यानं दुसरीकडून शिरता येत नाही, त्यासाठी विंडोज प्रो लागतं. तासभर डोकं खाजवून मग मला फोन करणारे दर महिन्याला एक-दोन असतात. ज्यांच्याकडं प्रो आहे, त्यांच्यातले काही हुशार राऊटरमध्ये ३३८९ हा पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, जगासाठी उघडा करतात. तसं करू नका. असे उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम दिवसरात्र फिरत असतात, आणि पासवर्ड सापडला की सगळ्या फायलींना कुलूप लावून पैसे मागतात. टेलस्केलसारखं खाजगी जाळं वापरलं की पोर्ट उघडावाच लागत नाही.

एनीडेस्कसारखी ही ॲप्स चांगलीच आहेत, पण दार दोन्हीकडून उघडतं. "बँकेतून बोलतोय, केवायसी संपली, एवढं ॲप टाका आणि नंबर सांगा" असा फोन आला की तो नंबर म्हणजे तुमच्या घराची किल्ली. रिझर्व्ह बँकेनं २०१९ च्या फेब्रुवारीतच या प्रकाराबद्दल बँकांना सावध केलं होतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

शेअर करताना 'एनीवन विथ द लिंक' ठेवलं की ती लिंक ज्याच्या व्हॉट्सॲपवर पोचेल त्याला फाईल उघडते. आधार-पॅनच्या झेरॉक्सचे स्कॅन असे वाटू नका. समोरच्याचा मेल टाकून 'व्ह्यूअर' द्या.

टू स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर येणारा कोड, लावाच, पण फोन चोरीला गेला तर कोड येणार कुठं? गुगल दहा बॅकअप कोड देतं, एक कोड एकदाच चालतो. त्याची प्रिंट काढून पाकिटात ठेवा. आमच्या फ्लेक्सवाल्यांनी इमानदारीत प्रिंट काढली, स्कॅन केली आणि ड्राइव्हवर ठेवली.